चिटकीला हवं आईचं गाणं

कपाटामागे एक उंदरीण राहायची. एवढीशी. नाव चिटकी.

चिटकीला आई नव्हती. त्या घरातल्या रेणूला आई होती, पण दूर. दूरच्या इस्पितळात ती नर्स होती. रोज संध्याकाळी ती लॅपटॉपमध्ये यायची आणि गायची,
"ये गं झुळके, बस उशाशी."

रेणू समोर बसून ऐकायची. चिटकी कपाटामागून ऐकायची.

आज संध्याकाळ झाली. लॅपटॉप काळाच. गाणं नाही.

"हे चालायचं नाही," चिटकी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"लॅपटॉपदादा, लॅपटॉपदादा, उजळ ना."

"बॅटरी जेवेल, तर मी उजळेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बॅटरीताई, बॅटरीताई, जेव ना.
लॅपटॉप उजळत नाही,
आईचं गाणं येत नाही.
आणि मला ते हवंच."

"मी कालच या घरी आले," नवी बॅटरी म्हणाली. "वायरमधून जेवण येतंय गं. पण मला फार उकडतंय. दुपटं निघेल, तर मी जेवेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"दुपट्या, दुपट्या, नीघ ना.
बॅटरी जेवत नाही,
लॅपटॉप उजळत नाही,
आईचं गाणं येत नाही.
आणि मला ते हवंच."

"माझ्यावर मनी बसलीय. मनी उठेल, तर मी निघेन."

मनी म्हणजे मांजर. चिटकीची शेपटी थरथरली. ती लांबच थांबली. पण थांबून विचारलंच.

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना.
दुपटं निघत नाही,
बॅटरी जेवत नाही,
लॅपटॉप उजळत नाही,
आईचं गाणं येत नाही.
आणि मला ते हवंच."

मनीने एक डोळा उघडला. "तुला खाल्लंच असतं. पण त्यासाठी उठावं लागेल. आजोबा हाक मारतील, तर मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा, हाक मारा ना.
मनी उठत नाही,
दुपटं निघत नाही,
बॅटरी जेवत नाही,
लॅपटॉप उजळत नाही,
आईचं गाणं येत नाही.
आणि मला ते हवंच."

आजोबा पेपर वाचत होते. "दुपटं मीच गुंडाळलंय. नवी बॅटरी म्हणजे तान्हं बाळ. गारठली तर? रेणू सांगेल, तर मी हाक मारेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

रेणू दारामागे बसली होती. गाल फुगवून.

"रेणू, रेणू, सांग ना.
आजोबा हाक मारत नाहीत,
मनी उठत नाही,
दुपटं निघत नाही,
बॅटरी जेवत नाही,
लॅपटॉप उजळत नाही,
आईचं गाणं येत नाही.
आणि मला ते हवंच."

"मी नाही बोलणार," रेणू म्हणाली. "आई येईल, तर मी बोलेन."

आता पुढे कुणीच नव्हतं. चिटकी रेणूच्या पायाशी बसली. तिला गाणं आठवलं. खूप खूप आठवलं. ती बारीक आवाजात म्हणाली,
"ये गं झुळके..."

पुढचं तिला येईना.

"बस उशाशी," रेणू हळूच म्हणाली.

मग ती उठली. आजोबांकडे गेली. "आजोबा, दुपट्यात मला उकडतं. बॅटरीलाही उकडत असेल."

आजोबांनी दुपट्यात हात घातला. "अरेच्चा, तापलीय की ही. चुकलंच माझं."

आजोबांनी हाक मारली.
मनी उठली.
दुपटं निघालं.
बॅटरी गार झाली आणि जेवली. गुटुक गुटुक.
लॅपटॉप उजळला. झक्क.
आई आली. आई गायली.

"आई, थांब," रेणू म्हणाली. तिने चिटकीला तळहातावर घेतलं. "ही चिटकी. हिला आई नाही. आता हिच्यासाठी म्हण."

आई अगदी जवळ आली. तिने चिटकीकडे नीट पाहिलं. आणि पहिल्यापासून गायला लागली,
"ये गं चिटके, बस उशाशी."