श्रीमंतांचा एकच बॉयलर

नवरा महादबा बॉयलरवर कामाला लागला, त्या दिवशी वेणूबाई देवीला नवस बोलली, "हे रोज संध्याकाळी धड घरी येऊ देत, मी चहातली साखर सोडते!" चौथ्याच दिवशी तिने चहात गुळाचा खडा टाकला. तसबिरीकडे पाठ करून चहा प्याली आणि पुटपुटली, "साखर म्हणाले होते आई, गूळ कुठे म्हणाले!" असे तिचे नवस. बोलताना वाघीण, पाळताना मांजर! हे ती स्वतःच चारचौघींत सांगायची आणि सगळ्यांच्या आधी हसायची.

पण यंदा दसरा आठ दिवसांवर आला आणि तिचं हसूच पळालं. महादबा कामावरून आला तो डोक्यावरची टोपी हातात घेऊन.

"काय झालं हो?"

"सरकारांचा हुकूम! दसऱ्याला राजवाड्यावर विजेचे दिवे लागले पाहिजेत. आणि वीजघराला वाफ कुठली, तर रंगखान्यातल्या आपल्याच बॉयलरची!"

"मग लावा की!"

"लावा की म्हणे! अगं, सूत रंगवायच्या कढया तापवणारा गरीब बॉयलर तो. त्याच्या पोटातल्या नळ्यांतून आगीची धग जाते, पाणी भोवती. वाफ भरपूर, पण मऊ. वीजघराचं चाक फिरवायला जोराची वाफ लागते. तिथे उलटा बॉयलर हवा, पाणी नळ्यांत आणि आग भोवती. तो दाब सोसतो, हा सोसत नाही. दाब चढवला, तर दिव्यांच्या आधी मीच आभाळात!"

"दुसरा घ्या म्हणावं!"

"म्हटलं. तर म्हणाले, दाब चढव, नाहीतर चालता हो!"

श्रीमंत भुजंगराव मोठे हट्टी. आंबेकोंड संस्थानात पहिला बॉयलर आला, तेव्हा त्यांनी देवीपुढे हातावर पाणी घेऊन नवस केला होता, "एक राणी, एक घोडा, एक बॉयलर! आमच्या हयातीत दुसरा नाही!" इस्पितळाच्या डॉक्टरांनी चादरी उकळायला छोटासा उभा बॉयलर मागितला, त्यांनाही हेच उत्तर मिळालं.

सकाळी वेणूबाई आंघोळीचा बंब पेटवत होती. डोळ्यांना धार लागलेली, आणि नाव धुराचं. ढलपी टाकायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अहो, इकडे या! यात आग कुठे असते?"

"मधल्या नळीत. हे काय विचारणं झालं?"

"आणि पाणी?"

"नळीच्या भोव..." महादबाच्या हातातली राखुंडी खाली सांडली.

"चला राजवाड्यावर!"

"अगं, आंघोळ तरी करू दे!"

"सरकारांची झालीय का बघू आधी!"

भुजंगराव नुकतेच स्नान करून दूध घेत होते. वेणूबाईला पाहताच गरजले, "बाई, रडायला आली असशील तर आम्हाला वेळ नाही!"

"रडून झालं सरकार, सकाळीच. मी नवस मोडणारी बाई. देवीच्या दारात माझ्याइतकी माफी साऱ्या गावाने मागितली नसेल. त्यामुळे मोडलेला नवस मला लांबून ओळखू येतो. सरकारांचा मोडलाय!"

चोपदार काठी घेऊन पुढे सरसावला.

"आमचा? कुणी मोडला?"

"सरकारांनीच. आत्ता, स्नान करताना!"

भुजंगराव ताडकन उठले आणि सगळ्यांना घेऊन न्हाणीघरात शिरले. तिथे पुरुषभर उंचीचा तांब्याचा बंब अजून धुमसत होता. महादबाने भीतभीत बोट दाखवलं. "आग मधल्या नळीत, पाणी भोवती, सरकार. रंगखान्यातला तो आडवा, हा उभा. जात तीच."

"खुळा आहेस! बॉयलर म्हणजे वाफ! याची वाफ कुठे आहे?"

"मग मघाशी आरसा कशाला पुसावा लागला, सरकार?" वेणूबाईने विचारलं.

भिंतीवरचा भलामोठा आरसा पांढरा झाला होता. मधोमध मिशा पाहण्यापुरतं भोक पुसलेलं.

मग श्रीमंत खोल आवाजात म्हणाले, "चोपदार, वाड्यात असे बंब किती?"

"सात, सरकार!"

"म्हणजे रंगखान्यातला आठवा!" भुजंगराव मटकन चौरंगावर बसले. "आणि आम्ही रोज सकाळी..."

"सणावारी दोनदा!" वेणूबाई म्हणाली.

"बाई, आता काय करावं?"

"मोडलेला नवस तसाच रेटत नाहीत, सरकार. देवीची माफी मागायची, उद्यापन करायचं आणि मोकळं व्हायचं. मी वर्षातून चारदा होते. देवी आता मला पाहिलं की आधीच हसते!"

भुजंगरावांच्या मिशा थरथरल्या. चोपदार दोन पावलं मागे सरला. पण श्रीमंत हसले! असे हसले, की चौरंग करकरला आणि माजघरातून राणीसाहेब डोकावल्या.

"मागवा! वीजघराला पाणनळ्यांचा मागवा, इस्पितळाला छोटा उभा मागवा! ते येईस्तोवर वाड्यावर पणत्या लावा! महादबा, सगळ्या बॉयलरांचा मुकादम तू. आणि बाई, तुला काय हवं ते माग!"

वेणूबाईने पदर सावरला. "उद्यापनाला मेहूण जेवू घालायचं असतं, सरकार. नवरा-बायकोची जोडी हवी. आम्ही दोघं उद्या रिकामेच आहोत!"

दुसऱ्या दिवशी श्रीमंतांनी स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढली आणि राणीसाहेबांनी वेणूबाईची खणानारळाने ओटी भरली. बायांनो, तुम्हीही एवढं करा. तुमच्या उद्यापनाला मेहूण सांगाल, तेव्हा आगीपाशी राबणारी एखादी जोडी बोलवा, आणि तूप वाढताना हात आखडता घेऊ नका.