किरूचं किर्र किर्र

एक होता रातकिडा. एवढुस्सा! नाव त्याचं किरू.
रेवामावशीच्या व्हायोलिनच्या पेटीमागे त्याचं घर. रोज संध्याकाळी मावशी व्हायोलिन वाजवायची. कुंईऽ कुंईऽ! किरू मिशा हलवत ऐकायचा.
एक दिवस कुंई नाही की कांई नाही. किरूचं गाणं हरवलं!

टिपटुप, टिपटुप! किरू गेला व्हायोलिनताईकडे.
"व्हायोलिनताई, व्हायोलिनताई, गा ना!
किरूला करमत नाही!"
"कशी गाऊ? गज घासत नाही."
गज म्हणजे तिची काठी, घोड्याचे केस लावलेली.

टिपटुप, टिपटुप!
"गजोबा, गजोबा, घासा ना!
व्हायोलिनताई गात नाही,
किरूला करमत नाही!"
"कसा घासू? केस तुटले, टक्कल पडलं! घोडा केस देत नाही."

टिपटुप, टिपटुप! दारात मावशीचा पांढरा घोडा.
"घोडेदादा, घोडेदादा, शेपटीचे केस द्या ना!
गज घासत नाही,
व्हायोलिनताई गात नाही,
किरूला करमत नाही!"
"फुर्रर! कसे देऊ? शेपटीत हा गुंता! मावशी विंचरत नाही."

टिपटुप, टिपटुप!
"मावशी, मावशी, शेपटी विंचर ना!
घोडा केस देत नाही,
गज घासत नाही,
व्हायोलिनताई गात नाही,
किरूला करमत नाही!"
"कशी विंचरू रे राजा? हा छबू कडेवरून उतरेल तर शपथ! बाळ झोपत नाही."

टिपटुप, टिपटुप! किरू चढला मावशीच्या खांद्यावर.
"छबुल्या, छबुल्या, झोप ना रे!
मावशी विंचरत नाही,
घोडा केस देत नाही,
गज घासत नाही,
व्हायोलिनताई गात नाही,
किरूला करमत नाही!"
"नाआऽ! कुंई कुंई पाहिजे! व्हायोलिन गात नाही, मी झोपत नाही!"
असा हट्टी कुणी पाहिलाय का? मी पाहिलाय एक. नाव नाही सांगत.

अरेच्चा! फिरून पुन्हा तिथंच! आता जायचं कुणाकडे?
किरूला रडू आलं. पंख थरथर कापले. पंखावर पंख घासला.
किर्रऽ!
छबू गप्प.
किरू दचकला. कोण वाजलं? अरे बापरे, मीच!
"आणखी!" छबू म्हणाला.
किर्र किर्र, किर्र किर्र.

बाळ झोपलं.
मावशीनं शेपटी विंचरली. सुर्र सुर्र.
घोड्यानं केस दिले. सरळ, लांब तेवढेच मावशीनं निवडले.
गजाला केस लागले. वर चिकट राळ चोळली, गज घसरू नये म्हणून. खस खस.
गज घासला.
व्हायोलिनताई गायली. कुंईऽ कुंईऽ!
आणि किरूला करमलं! इतकं करमलं, इतकं करमलं, की तोही गायला. किर्र किर्र!

मग मावशीनं गजाचे ताणलेले केस सैल केले. व्हायोलिनताईला मऊ फडक्यानं पुसलं. पेटीत निजवलं.
ताई हळूच म्हणाली, "किरू, रोज मी गाते, तू ऐकतोस. आता तू गा. मी ऐकते."

घोडा झोपला. मावशी झोपली. ताईही झोपली.
किरू अजून गातोय.
ऐक बरं...
किर्रऽ किर्रऽ.
आलं ना ऐकू? मग मीट डोळे. तो तुझ्यासाठीच गातोय.