पिस्टन आणि व्हॉल्व्हची भेट

मोटारींच्या काचा हँडल फिरवून खाली कराव्या लागत, त्या काळातली ही गोष्ट. एका जुन्या मोटारीतल्या पिस्टनला एकच कुतूहल होतं. तो वर पोचला रे पोचला, की समोरचा व्हॉल्व्ह झटकन मागे सरायचा.

"काका, तुम्ही आम्हाला भेटू का देत नाही?" त्याने झाकणाआडच्या टायमिंग बेल्टला विचारलं.

"मी फक्त तुमच्या वेळा सांभाळतो," भेगाळलेला बेल्ट म्हणाला. "पण आता दमलोय रे."

पिस्टनला त्यातही आशाच दिसली.

दसऱ्याला मालकाने गाडी धुऊन बॉनेटला झेंडूचा हार घातला. बेल्टवरचं झाकण मात्र उघडून पाहिलं नाही. दुपारी घाटात बेल्ट तुटला. व्हॉल्व्ह जागीच अडकला आणि वर आलेला पिस्टन त्याच्यावर आदळला. अशी त्यांची भेट झाली. व्हॉल्व्ह वाकला, पिस्टनच्या डोक्याला खोक पडली, गाडी बंद.

गॅरेजमध्ये नवा बेल्ट चढला, नवा व्हॉल्व्ह बसला. थोड्याच दिवसांत त्यानेही विचारलं, "हा बेल्ट आपल्याला भेटू का देत नाही हो?"

पिस्टनने त्या कोवळ्या, कोऱ्या बेल्टला हाक मारली, "काका, तब्येत बरी आहे ना?"