शार्दूलने बंद केलेला ग्रुप

“एकीमुळे बाकीच्यांनी का बुडायचं, मॅडम?”

शार्दूल दारातूनच बोलला. दाबके मॅडम विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायच्या; शार्दूल प्रमुख असलेला अभ्यासगट त्यांच्याच देखरेखीखाली होता. रविवार होता, म्हणून घरी मेथी निवडत बसल्या होत्या.

“ही एक कोण?”

“रेश्मा मुलाणी. परवा सरावात तिला साधा प्रश्न विचारला, तर तोंडातून शब्द नाही. उद्याच्या तोंडी परीक्षेत सर कुणालाही उभं करणार, आणि गुण अख्ख्या गटाला सारखेच. तुम्ही हो म्हणालात तर तिला गटातून काढतो.”

“तिचं वर्ष जाईल.”

“जाईल...”

तसा शार्दूल काही दुष्ट नव्हता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

“गटासाठी तू काय केलंस?”

त्याने फोन पुढे धरला. गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्याने स्वतःच्या आवाजात समजावलेले धडे, पीडीएफ, व्हिडिओ... कितीही वर सरकवा, आपला शार्दूलच शार्दूल!

“सगळे ऐकतात, मॅडम. ऐकल्याच्या निळ्या खुणा येतात. अख्ख्या सत्रात कुणाला एक शंका नाही!”

“अरे वा! मलाही घे बघू त्यात.”

त्याने घेतलं. मॅडमनी हात पुसले, चष्मा चढवला, आपल्या फोनवर ग्रुप उघडला. काहीतरी लिहायला गेल्या, तर लिहायची जागाच नाही. तिथे एक ओळ होती : फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात.

“ते मीच केलंय,” शार्दूल म्हणाला. “नुसते गुड मॉर्निंग टाकत बसायचे हो. शिवाय त्याच त्या शंका. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा...”

“कोण विचारायचं पुन्हा पुन्हा?”

“रेश्मा.”

मॅडम मेथीची काडी उचलून पानं खुडायला लागल्या.

शार्दूलचे कान तापले. त्याने निमूटपणे सेटिंग बदललं आणि ग्रुप सगळ्यांना मोकळा केला.

रेश्माचाच मेसेज पहिला आला. ‘अगं बाई, सुरू झाला! आता सांगा, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागताना आपण नोंदींच्या संख्येतून एक वजा करतो, तो का? परवा मला हेच विचारलं. माहीत नव्हतं, तर उगाच काय बोलू?’

‘सूत्रच तसं आहे,’ प्रवीणने लिहिलं.

‘शार्दूलनेही एवढंच सांगितलंय,’ मानसीने लिहिलं. ‘पण का, ते मलाही नाही कळलं.’

‘मलाही,’ आणखी कुणीतरी.

शार्दूलने घाईघाईने लिहायला घेतलं. एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. तिकडे सगळ्यांच्या फोनवर ‘शार्दूल टाइप करत आहे’ दिसत असणार, आणि बिचारे वाट बघत असणार.

“मॅडम...” त्याचा आवाज पार उतरला होता. “मलाही नाही माहीत. तिला नाही काढत मी. पण परीक्षा उद्यावर आलीय हो! तुम्ही तरी सांगा ना, एक वजा का करायचा?”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि दुसरी जुडी पुढे ओढली.

“मला काय विचारतोस? ग्रुपवर विचार.”