झिपरूचे दही

एका राजाच्या महालात कळ्या उमलत नसत. उमलल्या तर कोमेजतील, म्हणून. महाराणी वारल्यावर राजा धवलकेतूने मांत्रिकाकडून महालाचा उंबरा बांधून घेतला होता: मृत्यूने आत पाऊल टाकायचे नाही. मग म्हाताऱ्या माणसाजनावरांचे प्राण आत अडकून राहत. त्यांना मागच्या दाराने माळावर नेऊन ठेवत. तिथे ती एकटीच मरत.

राजकन्या कुमुदिनीचे मुंगूस झिपरू. तरुणपणी त्याने साप किती मारले कोण जाणे. मुदपाकखान्यातले दही मात्र रोज चोरले. आता त्याला पाणीही गिळवेना, आणि प्राणही सुटेना. सेवक टोपली घेऊन आले. राजकन्येने त्यांना दारातूनच परतवले.

चिंचेवरचा भारद्वाज बोलला, "याला घरीच सुखाने जाऊ द्यायचे, तर तीन गाठी सोडव. एक उंबऱ्यात, एक राजाच्या मनगटावर, एक तुझ्या मनात."

उंबऱ्यातला मंतरलेला खिळा दोन पितळी वाघ राखत. राजकन्या झिपरूला कडेवर घेऊन गेली. वाघांनी त्याला हुंगले आणि वाट दिली. तिने खिळा उपटला.

राजाने मात्र मनगट मागे घेतले. "हा गंडा सुटला, तर मृत्यू माझ्याही दालनात येईल."

"येईल, बाबा. तेव्हा मी तुमच्या उशाशी बसेन. माळावर कुणीच नसते."

मग राजाने दातांनी गंडा तोडला.

"आता?" तिने विचारले.

"घरातून निघणाऱ्याच्या हातावर काय ठेवतात?" भारद्वाज म्हणाला.

राजकन्येला रडू कोसळले. दही द्यायचे म्हणजे निरोपच द्यायचा. तो तिला द्यायचा नव्हता. पण झिपरू तिच्याकडेच बघत होता, कधीचा ताटकळलेला.

तिने त्याला मांडीवर घेतले. दही आपल्याच तळहातावर घेऊन त्याच्या तोंडाशी धरले, कानामागे खाजवत राहिली. झिपरूने जिभेच्या टोकाने दही चाटले, तिच्या मनगटावर नाक टेकले, आणि त्याचा श्वास हळूच थांबला.

महालभर वारा शिरला. अंगणातल्या साऱ्या कळ्या एकदम उमलल्या. असा सुगंध सुटला, की पितळी वाघांनीही डोळे मिटले. संध्याकाळी पाकळ्या गळू लागल्या. राजाने वाकून त्या ओंजळीत भरल्या आणि चिंचेखाली निजवलेल्या झिपरूवर वाहिल्या.

मागचे दार त्याच दिवशी चिणले. पुढे त्या घरातून जो जो गेला, राजासुद्धा, तो दही चाखून पुढच्या दाराने गेला.