ठकूचा हिरवा हत्ती

नदीकाठच्या एका गावात एक रंगारीण राहत होती. तिची लेक ठकू आईच्याही वरताण. हळद, गेरू, नीळ, जे हाताला लागेल त्यानं भिंती, मडकी, एकदा तर शेजाऱ्यांचं वासरूसुद्धा रंगवून मोकळी!

गावच्या शाळेची एक रीत होती. दसऱ्याच्या पाटीपूजनाला जे मूल एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढी, त्यालाच पंतोजी शाळेत घेत. ठकूचा एक मात्र पाटीबाहेर पळे. रंगारणीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. निदान लेकीला तरी यावं, एवढीच तिची आस होती.

"पुरे झाले रंग! आता फक्त पाटी," म्हणत तिनं सगळे रंग फळीवर चढवले. रंगाऱ्याच्या घरात पोरीचे हात कोरे, ऐकलंय कुठं? ठकू लेखणी इतकी आवळी की ती मोडून जाई. मग दोघी रडत.

एके दुपारी रंगारीण नदीवरून परतली, तर घर चिडीचूप. ठकू सांडलेल्या निळीत काडी बुडवून लुगड्यावर छापलेली फुलं रंगवत होती. विकायचं लुगडं! रंगारीण ओरडणार, तोच तिची नजर काडीवर पडली. पहिल्या फुलातला रंग बाहेर ओघळला होता, पुढच्यात जेमतेम. आता काडी पाकळीच्या कडेला थांबून अलगद वळत होती.

"अगं बाई! हाच तर एकाचा वळसा!" तिनं लेकीला पोटाशी धरलं. "चुकलंच माझं, ठकू."

रंग फळीवरून खाली आले. रोज आई अंगणात चित्र काढी आणि ठकू त्यात रंग भरी.

दसऱ्याला ठकूनं सरस्वती काढली. एकही एक वाकडा नव्हता! पण ठकूबाई थांबल्या कुठं? शेजारी हत्ती काढला, ओच्यातून रंग काढला आणि तो हिरवागार केला. पोरं खिदळली.

पंतोजींनी भुवया चढवल्या. "हत्ती हिरवा असतो का गं?"

"सरस्वतीला पाठीवर घेऊन तळ्यातून आलाय ना, पंतोजी. शेवाळ लागलंय त्याला."

पंतोजी पोट धरून हसले. "हिला पहिल्या ओळीत बसवा!"

रंगारणीला आनंद मावेना. निळ्या हातांनी तिनं गावभर सोनं वाटलं आणि प्रत्येकाला हत्तीची गोष्ट सांगितली. पुढच्या दसऱ्याला पंतोजींनी प्रत्येक पाटीशेजारी रंगाची वाटी ठेवली.

तात्पर्य: लहानग्यांना मनसोक्त रंगवू द्यावं, रंगांत खेळलेली बोटं अक्षरंही वळवतात आणि हिरवा हत्तीही शोधून आणतात.