अकरा पानं आणि चार अक्षरं

“मग ‘सा. न. वि. वि.’ लिहिलं, तर बिघडलं कुठं, बुवा?”

नीळकंठ मठाच्या ओसरीवर येरझारा घालत होता. इतक्या, की शेणानं सारवलेल्या जमिनीला चर पडायची वेळ आलेली. खाली खाडीवर नावाड्यानं पहिला शंख फुंकला होता. तिसऱ्याला होडी सुटणार, तिच्यातून पत्र पलीकडे जाणार. पलीकडे थोरला भाऊ अण्णा अंथरुणाला खिळलेला.

वडील गेले तेव्हा नीळकंठ काशीत शिकत होता. अण्णानं त्याच्यासाठी न थांबता अग्नी दिला. हा पोचला तो थेट तेराव्याच्या पंगतीला. तेव्हापासून नऊ वर्षं दोघांत चकार शब्द नाही.

खंडूबुवांनी पत्र हातावर तोललं.

“पानं किती?”

“अकरा. अण्णा कुठं कुठं चुकला ते सगळं आधारासकट मांडलंय.” आधार असे एकेक, की ते ऐकून मठाचं मांजर सकाळीच घर सोडून गेलं होतं.

“आणि सा. न. वि. वि. म्हणजे?”

“साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. सगळे असंच लिहितात, बुवा. अण्णाला काय, कळतं ते.”

“माहीत असलेलं आखडावं म्हणतोस.”

“हो! वेळ वाचतो.”

दुसरा शंख झाला. नीळकंठ पायरीपर्यंत गेला, परत आला.

“बुवा, द्या ना ते…”

बुवांनी कोरा कागद पुढं सरकवला. “उलटं कर. नमस्कार पुरता लिही. तक्रार आखड.”

“अकरा पानं? आखडू?”

“काशीला इतकी वर्षं शिकलास. तेवढं जमेल.”

नीळकंठानं दात खात टाक उचलला. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. कित्येक वर्षांत तो नमस्कार त्यानं पुरता लिहिला नव्हता, आणि घातला तर नव्हताच. खाली रागानं चार अक्षरं ओढली : मा. वा. पा. ना.

“हे काय?”

“माझी वाट पाहिली नाही. झालं समाधान? आता हे कोणाच्या बापाला कळणार आहे?”

“अण्णाला?”

नीळकंठानं टाक खाली ठेवला.



अंगणात वाळत घातलेली बुवांची छाटी वाऱ्यानं फडफडत राहिली.

“कळेल,” तो शेवटी म्हणाला. “पहिल्याच अक्षराला कळेल. नऊ वर्षं त्याच्याही डोक्यात तेच असणार.”

बुवांनी ती चार अक्षरं अंगठ्यानं पुसली. शाई ओली होती. कागदावर नमस्कार तेवढा उरला, आणि खाली एक काळा फराटा.

तिसरा शंख.

नीळकंठानं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा खाडीकडं. मग धोतराचा काचा मारला आणि जो सुटला, तो चौदा पायऱ्या तीन उड्यांत! वहाणा वर राहिल्या. अर्ध्या उतारावर त्याला आठवलं. तिथूनच तो ओरडला,

“बुवा! पत्र राहिलं!”

खंडूबुवांनी कागदाची घडी घालून डुगडुगणाऱ्या चौरंगाच्या पायाखाली सारली.

“पत्रच तर पळतंय, गाढवा. थांबवू नकोस त्याला.”